नव्या लुगड्याचा इतिहास

“आता या वयात कशाला?” हा प्रश्न पन्नाशीच्या बाईला आपल्याकडे जितक्या सहजपणे विचारला जातो, तितक्या सहजपणे दुसरा कोणताही विचारला जात नसेल. गडद रंगाची साडी घेतली, केसांना कलप लावला, डोळ्यांना नवी फ्रेम घेतली की हा प्रश्न आलाच. पुरुषांनाही तो येतो, फक्त जरा उशिरा आणि जरा हसत. या प्रश्नामागे एक गृहीत आहे. नटण्यामुरडण्याची हौस तरुणपणी पुरी झालेली असते, मध्यमवयात माणसाने तिच्यातून हळूहळू अंग काढून घ्यावे आणि साधेपणाकडे वळावे, हे ते गृहीत. ज्यांची हौस तरुणपणी पुरी झालीच नाही, नव्हे, जिला पुरी होऊ दिली गेली नाही, त्यांचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मला तो विचारायचा आहे.

वयाप्रमाणे भोगातून निवृत्त होण्याची ही कल्पना आश्रमव्यवस्थेतून आलेली आहे. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास या चार पायऱ्या द्विजांसाठी होत्या. शूद्रातिशूद्रांना या जिन्यावर पायच ठेवू दिला नव्हता. ज्याला गृहस्थाश्रमाचे वैभव कधी मिळाले नाही त्याने वानप्रस्थात कशाचा त्याग करायचा? तरीही “साधी राहणी” हे मूल्य म्हणून शाळेच्या भिंतीवर लिहिले जाते आणि आपली मुले ते पाठ करतात. साधेपणा ही मोठी गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. पण ज्याच्यापुढे दोन पर्याय आहेत त्याचाच साधेपणा हा साधेपणा. ज्याच्यापुढे एकच आहे त्याची ती दशा होय.

ही दशा आपोआप आलेली नव्हती, ती नियमाने लादलेली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी, त्यांनी फुटक्या भांड्यांत खावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत आणि दागिने घालायचे तर ते लोखंडाचे घालावेत, असे विधान आहे. त्याच अध्यायात पुढे सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे सांगितले आहे. अन्न उष्टे आणि वस्त्र उतरलेले: हे दोन्ही एकाच श्लोकात यावेत यात आश्चर्य नाही. दोहोंचा अर्थ एकच. दुसऱ्याच्या शरीराने वापरून टाकलेले तेच तुझे.

या नियमांची अंमलबजावणी किती बारकाईने होत होती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात नोंदवून ठेवले आहे. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, आणि ओळख पटावी म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा घालावा लागे. म्हणजे आमचा पहिला गणवेश सरकारनेच ठरवलेला होता! त्याच भाषणात १९२८ सालच्या इंदूर भागातील बलाई समाजाची हकीकत आहे. सवर्णांनी त्यांना अटी घातल्या. पागोट्याला जरीचा काठ नको, धोतराला रंगीत काठ नको, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीचे झगे आणि जाकिटे घालू नयेत. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क मिळवण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. १८५९ साली तेथील राजाने परवानगी दिली, पण उच्चवर्णीय स्त्रिया नेसतात त्या पद्धतीने मात्र वस्त्र घ्यायचे नाही, ही अट ठेवूनच. वस्त्र मिळाले तरी पद्धत मिळता कामा नये! वाचकांनी हा शब्द, पद्धत, ध्यानात ठेवावा. कारण महाडला नेमका याच शब्दावर घाव घातला गेला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपण सारे जाणतो. त्या घटनेवर आपण दरवर्षी सभा घेतो. पण त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांच्या सभेत जे सांगितले, त्याची आठवण आपण फार थोडी काढतो. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती खूण पुसून टाका, गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे घोट्यापर्यंत येऊ द्या, अंगभर कथलाचे आणि चांदीचे ढीग वागवू नका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या, मुलींना शिकवा, दारू पिणाऱ्या नवऱ्याला जेवू घालू नका, असा त्या भाषणाचा आशय होता. आणि तेथे जमलेल्या बायकांनी नेसण्याची पद्धत तेव्हाच बदलायला सुरुवात केली, असे त्या काळच्या हकीकती सांगतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ सालच्या ग्रंथात चळवळीतल्या बायकांच्या अशा आठवणी आस्थेने गोळा केलेल्या आहेत.

माझे म्हणणे असे की, ग्रंथ जाळणे आणि लुगडे बदलणे या एकाच कृतीच्या दोन बाजू होत्या. ज्या ग्रंथात मेलेल्यांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले होते, तो कागदावरून जळाला. बायकांनी तो अंगावरून उतरवला. दहनाचे काम मंडपातल्या थोड्या हातांनी केले, पण दुसरे काम प्रत्येक बाईला स्वतःच्या अंगाने करावे लागले. त्या सभेला आलेल्या बायका काही सगळ्या सोळा वर्षांच्या नव्हत्या. त्यांत सुना आणलेल्या, नातवंडे असलेल्या होत्या. ज्या बाईने तीसतीस वर्षे चिखलात, लाकडाच्या मोळीखाली, शेणाच्या पाटीखाली लुगडे वर खोचून काम केले, तिने चाळिशीत ते खाली सोडणे हा केवळ नेसण्यातला बदल नव्हे. चाल बदलते, वाकणे बदलते, गावाची नजर बदलते. दुसऱ्या दिवशी गावच्या पाणवठ्याच्या वाटेवर त्या नजरेला तोंड द्यायचे असते. “आता या वयात कशाला?” असे त्या बायका म्हणाल्या असत्या, तर आपल्या चळवळीचा अर्धा इतिहास घडलाच नसता.

वस्त्राने सगळे साधते, असे मात्र बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. तसे मानण्याची चैन त्यांना लहानपणीच उरली नव्हती. १९०१ साली वडिलांना भेटायला ते, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून गोरेगावला निघाली. अंगात नवे सदरे, डोक्याला भरजरी टोप्या, पायांत नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. “आम्ही महार” हे शब्द ऐकताच तो माणूस मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागली आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. कपड्याने दार उघडते आणि जातीच्या एका शब्दाने बंद होते, हे त्या मुलाला दहाव्या वर्षी कळले. आणि तरीही त्याने पुढे आयुष्यभर नीटनेटका पोशाख सोडला नाही. याचा विचार केला पाहिजे. सवर्णांनी आपल्यासारखे समजावे म्हणून तो पोशाख नव्हता. ते काय समजतात यावर आपली राहणी ठरू द्यायची नाही, म्हणून तो होता.

येथे महात्मा फुल्यांचे उदाहरण कोणी पुढे करील. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि दागिन्यांनी लखलखणाऱ्या त्या सभेत, हिंदुस्थान असा नाही, तो खेड्यात पाहा, असे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. तेव्हा त्यांनी साठी गाठलेली होती. जोतीराव कंत्राटदार होते, उत्तम पोशाख त्यांना परवडत होता, पण त्या दिवशी घोंगडी ही त्यांची निवड होती. १९२१ साली मदुराईला गांधींनी पंचा स्वीकारला, तीही निवडच. १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेला गांधी पंचात गेले आणि बाबासाहेब सुटात गेले. बॅरिस्टराने सूट उतरवला तर त्यात त्याग दिसतो. अस्पृश्याने पंचा नेसला तर त्यात काहीच दिसत नाही, कारण जगाने त्याला तसेच पाहिलेले असते. जोतीरावांची घोंगडी आणि बाबासाहेबांचा कोट वरवर उलटे दिसतात, पण दोघांचा नियम एकच आहे. कोणत्या सभेत काय अंगावर घालायचे ते मी ठरवीन.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घोळते आहे. देवळातले देव पाहा. राम असो, कृष्ण असो, ते कायम तरुण असतात, त्यांच्या चेहऱ्यावर वय चढत नाही. आपल्या वस्त्यांत, चौकांत, घरांत ज्यांची प्रतिमा आहे तो मात्र पन्नाशीचा माणूस आहे. केस मागे हटलेले, शरीर जड झालेले, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात कोट, गळ्यात टाय, खिशाला पेन. राज्यघटना लिहिली गेली तेव्हा बाबासाहेब पंचावन्न ओलांडून गेले होते आणि मधुमेहाने त्यांना पोखरले होते. तरी पोशाखात ढिलाई नाही. जगात असा समाज विरळा, ज्याच्या मनातले सौंदर्याचे चित्र एका मध्यमवयीन, आजारी, पण टापटीप माणसाचे आहे! मग त्या प्रतिमेसमोर उभे राहून आपण आपल्याच पन्नाशीतल्या आईला “हे शोभत नाही” असे कोणत्या तोंडाने सांगावे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे पांढऱ्या वस्त्रांत जमली. बाबासाहेब तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ बायकांच्या बाजूने पाहिला पाहिजे. हिंदू समाजात पांढरे लुगडे विधवेचे. बाईचा रंग नवऱ्याच्या श्वासावर अवलंबून. ज्या दिवशी तो जातो त्या दिवशी कुंकू, बांगड्या आणि रंग तिघेही जातात, मग तिचे वय वीस असो वा साठ. नागपूरला नवरा शेजारी उभा असताना हजारो बायकांनी पांढरी साडी नेसली. रंगाचा आणि नवऱ्याचा संबंधच त्यांनी तोडून टाकला. आजही ६ डिसेंबरला कल्याणहून दादरकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या पांढऱ्या साड्या दिसतात.

आता आपल्या भागाकडे येतो. ज्या कापडाची ही सारी गोष्ट आहे, ते कापड विणण्यावरही जातीचा पहारा होता. विदर्भातले महार परंपरेने जाडेभरडे सुती कापड विणीत, म्हणजे हातात कला नव्हती असे नव्हे. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धाग्याला अस्पृश्याची थुंकी लागली त्याला इतर कामगार तोंड कसे लावणार? जास्त मजुरी विणकामात होती आणि अस्पृश्य कताईत अडकून पडले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांची पंचाईत झाली.

मुंबईच्या पुढे ठाणे-कल्याणचा पट्टाही कापडाचाच. ठाण्यात १९२५ पासून रेमंडची लोकरीची गिरणी, भिवंडीत यंत्रमाग, शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला नॅशनल रेयॉन. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले, आणि तेथे कापडाचा आणि तयार कपड्यांचा मोठा बाजार उभा राहिला. ठाण्याची आणि मोहन्याची गिरणी आता बंद आहे. पण या पट्ट्याने आमच्या माणसांना एक गोष्ट दिली. रेशमाची झळाळी पिढ्यान्‌पिढ्या पेटीत बंद होती. रेयॉनने ती स्वस्त केली. ज्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइडच्या वासाने डोके धरायचे, त्यांच्याच धाग्याने वस्तीतल्या बाईच्या अंगावर पहिल्यांदा चमक आली. प्रगतीची किंमत कोण मोजतो, ते यातही दिसून येते.

माझे वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. रेल्वेचा गणवेश हा त्यांचा आयुष्यातला पहिला नवा, मापाचा कपडा. सुट्टीच्या दिवशीही ते तो घालीत, आणि आम्हा मुलांना त्याचे हसू येई. आई डोंबिवलीच्या इमारतींत धुणीभांडी करी. दिवाळीला तिला उतरलेल्या साड्या मिळत. बोहारीण ज्या साड्यांवर वाटीसुद्धा देईना, त्या आमच्या घरी येत. देणारी माणसे मनाने वाईट नव्हती, पण मनूच्या त्या श्लोकाचे आयुष्य किती मोठे आहे, ते मला इतिहासाच्या पुस्तकाआधी आमच्या दांडीवर वाळत घातलेल्या साड्यांनी शिकवले. आईने स्वतःच्या पसंतीची पहिली साडी घेतली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, भिशीच्या पैशांतून, उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून. रंग मोरपंखी. दुकानदाराने “वयाला शोभेलशी दाखवू का” म्हणून फिकट साड्या पुढे टाकल्या. तिने त्या बाजूला सारल्या. माझ्या दृष्टीने आमच्या घरातला तो एक ऐतिहासिक दिवस आहे, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही.

डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला शोभायात्रा निघते. फडके रोडवर त्या दिवशी नऊवारी नेसून, नथ घालून, फेटे बांधून तरुण-तरुणी येतात. त्यांच्यासाठी नऊवारी हा हौसेचा, आठवणीचा पोशाख. माझ्या मुरबाडच्या आजीसाठी ती रोजची होती, गुडघ्यापर्यंत खोचलेली, चिखलाने जड झालेली. एकीने जी पद्धत मोठ्या निर्धाराने सोडली, तीच दुसरी सणाला मिरवते. यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण “परंपरा” या एका शब्दाने दोघींचा इतिहास एक होत नाही, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना समजले पाहिजे.

हा विषय मला लिहावासा वाटला त्याला एक ताजे कारण आहे. आमच्या भागातल्या एका महिला मंडळात जयंतीच्या तयारीच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीने सूचना मांडली की, पन्नाशीपुढच्या बायकांनी मिरवणुकीत पांढऱ्याच साड्या नेसाव्यात, भडक रंग आणि दागिने आपल्या विचारांना शोभत नाहीत. हेतू शुद्ध होता. मुलगी कष्टाळू आहे. तिला माझी आई म्हणाली, “पांढरी मी माझ्या मनानं नेसते. तू सांगतीस म्हणून नेसायला लागले, तर मग बाबासाहेबांनी मला शिकवलं काय?” बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. सूचना मागे घेतली गेली, पण वाद मिटलेला नाही, आणि मिटवून टाकावा असेही मला वाटत नाही. एका रंगात चालणारी मिरवणूक ही आपली शक्ती आहे. मात्र तो रंग हुकमाने आणि वयाच्या हिशेबाने वाटला जाऊ लागला, की आपण गणवेश ठरवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

दुसऱ्या बाजूचा धोकाही मला दिसतो. बाजाराला आपली अस्मिता कळत नाही, आपला खिसा कळतो. जयंतीच्या आधी कर्ज काढून साड्या आणि सूट घेणारी घरे मी पाहिली आहेत. आपल्यातला शिकलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यांत एकदा वस्तीबाहेर पडला की वस्तीतल्या मळक्या कपड्यांपासून चार पावले दूर उभा राहू लागतो, हेही खरे. मसूरच्या स्टेशनमास्तरची ती पाच पावले आपल्याच माणसाने टाकावीत, यापरता अधःपात नाही. नीटनेटके राहावे ते वस्तीपासून सुटण्यासाठी नव्हे. एका महाविद्यालयात रुजू झाले तेव्हा मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कौतुकाने म्हटले होते, “तुमच्याकडे पाहून वाटत नाही हो.” काय वाटत नाही, ते त्याने सांगितले नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती. अशा कौतुकाला भुलू नये. पाहून वाटावे आणि तरी मान खाली जाऊ नये, असे आपले राहणे हवे.

कोणी म्हणेल, आता कपड्यावरून कोण अडवतो? २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे घातले आणि गॉगल लावला म्हणून मारहाण झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा. त्यात २०१५ साली दुरुस्ती करून मिशा काढणे, डोके भादरणे हे गुन्हेही स्पष्टपणे लिहावे लागले. लिहावे लागले, कारण ते घडत होते. आपल्या अंगावरचे वस्त्र अजून कोणाच्या तरी डोळ्यांत सलते आहे. तेव्हा ते नीट, स्वच्छ, आवडीचे आणि ताठ मानेने वापरणे हा फावल्या वेळचा विषय नाही.

इतिहास शिकवणारी म्हणून माझी एक विनंती आहे. महाडच्या त्या सभेतली एकही बाई आता आपल्याला भेटणार नाही. पण तिच्या नाती-पणती ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथच्या वस्त्यांत पन्नाशी-साठीत आहेत. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. तुम्ही स्वतःच्या पैशांनी घेतलेले पहिले नवे लुगडे कोणते, ते कितव्या वर्षी घेतले, रंग कोणता होता, कोणी नावे ठेवली, तुम्ही काय उत्तर दिलेत, एवढे पाच प्रश्न विचारावेत. दिनांक आणि ठिकाण लिहून ठेवावे. दफ्तरखान्यात हा इतिहास सापडणार नाही. तो घडी घालून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेट्यांत ठेवलेला आहे, आणि त्या पेट्यांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांचे वय होत चालले आहे.